आधी प्रयोग, मग फस्त!

थंडीमुळे शाळेला सुट्टी मिळते, हे पुण्या-मुंबईच्या मुलांना खरं वाटणार नाही. पण आमच्या बनारसमध्ये जानेवारीत गंगेवरचं धुकं गल्लीत शिरलं, की शाळा बंद असल्याचा मेसेज येऊन धडकतो. मुलं खूश, मोठी माणसं हवालदिल! बाहेर सोडता येत नाही, मोबाइल द्यायचा नाही आणि रजईत बसून बसून भांडणं मात्र सुरू. तुमच्याकडे हीच वेळ मे महिन्यात नाहीतर धो-धो पावसात येत असेल.

मागच्या थंडीत अशाच एका सकाळी माझी सहा वर्षांची पुतणी ओट्याशी येऊन उभी राहिली. "आत्या, मलइयो आपण घरी का नाही बनवत?" मी बीए इंग्लिश. सायन्सशी माझा संबंध दहावीतच संपला होता. तरी तोंडातून निघून गेलं, "बनवू या की!"

आईने लगेच आतून आवाज दिला, "अन्नाशी खेळायचं नाही हं!"

हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असणार. आणि खरं सांगू का, आईचं चुकत नव्हतं. त्याआधी मी मुलांना यूट्यूबवर बघून सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी करून दाखवला होता. तांदूळ रंगवून बाटलीत भरले होते. ते सगळं शेवटी मोरीत नाहीतर कचऱ्यात गेलं. किलोभर तांदळाला निळा रंग लावून टाकून देणं मलाही आता कसंसंच वाटतं. मग आईने अट घातली: जे कराल ते खायचं. बिघडलं तरी खायचं. रंग, डिंक, शॅम्पू असलं काही ओट्यावर येणार नाही.

या अटीमुळे आमचे प्रयोग एकदम बदलले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे. यातला कुठलाही प्रयोग करायला वेगळं किट मागवावं लागत नाही.

फेस पळाला!

आधी मलइयो म्हणजे काय ते सांगते. बनारसला फक्त थंडीच्या दिवसांत आलात, तरच तो चाखायला मिळतो. आमचं घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत आहे. या भागात पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबं राहतात. इथून चालत चालत चौखंबा, ठठेरी बाजार, गोपाल मंदिराच्या बाजूला गेलं, की सकाळी सकाळी मोठ्या परातीत पिवळसर केशरी फेसाचा डोंगर दिसतो. तोच मलइयो. कुल्हडमध्ये भरतात, वर पिस्ता, वेलची. चमचा तोंडात घातला की काही खाल्लं की नाही हेच कळत नाही, फक्त केशराची चव उरते. फेस संपला की त्याच कुल्हडमध्ये केशरी दूध ओतून देतात. लखनऊमध्ये याच्याच भावंडाला मक्खन मलाई किंवा निमिष म्हणतात आणि दिल्लीत दौलत की चाट.

करणारे सांगतात, की दूध आटवून रात्रभर उघड्यावर दवात ठेवायचं आणि पहाटे घुसळायचं. ऐकायला किती सोपं!

आमचा पहिला मलइयो असा झाला: अर्धा लिटर फुल क्रीम दूध उकळलं, साखर आणि केशर घातलं, तासभर गार केलं आणि हीटरशेजारी बसून रवीने घुसळायला लागलो. फेस आला. पुतणी टाळ्या वाजवायला लागली. मी कुल्हड आणायला वळले आणि परत बघते तर काय, पातेल्यात नुसतं दूध. "आत्या, झाग मर गया!" आणि रडायला सुरुवात. (आमच्याकडे रडणं नेहमी हिंदीत होतं. मराठी फक्त आज्जीशी बोलताना.)

मला तेव्हा वाटलं होतं, बिघडलं, आता विषय संपला. वहिनी म्हणाली, "अगं, तिलाच विचार ना फेस का गेला ते." बिघडलं म्हणून सॉरी म्हणत बसायच्या ऐवजी एवढंच विचारायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

पुतणीची उत्तरं अशी आली. एक, साखर कमी पडली. दोन, धाकट्याने फुंकर मारली. तीन, मलइयोवाल्या काकांकडे जादूचं दूध असतं. आम्ही तीनही उत्तरं वहीत लिहिली. मग अट पाळत ते गोड दूध प्यायलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे जाऊन नीट बघायचं ठरवलं.

तुम्ही मुलांना एखाद्या दुकानावर असं "नीट बघायला" कधी नेलंय का? नेऊन बघा. खायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. चौखंब्याच्या गल्लीत उभं राहून माझ्या पुतणीला जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. ती म्हणाली, "काकांचे हात लाल झालेत." खरंच, घुसळून घुसळून गारठलेले हात. आणि दुसरं, "सगळे शेकोटीजवळ बसलेत, काका लांब बसलेत."

घरी येताना तिने स्वतःच सांगितलं, "आपण हीटरजवळ बसलो होतो."

दुसरा मलइयो

आता यामागचं सायन्स. दूध घुसळताना त्यात हवा शिरते आणि बुडबुडे होतात. दुधातली प्रथिनं प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. दूध छान गार असेल, तर त्यातला स्निग्धांश, म्हणजे सायीतलं तूपच म्हणा ना, घट्टसर असतो. त्याचे कण एकमेकांना चिकटून बुडबुड्यांना आधार देतात. दूध कोमट झालं की हा स्निग्धांश मऊ पडतो आणि बुडबुडे फुटतात. म्हणूनच ऊन चढलं की गल्लीतल्या परातीतला डोंगरही खाली बसायला लागतो.

दवाचा भाग मात्र घरी करू नका. आमच्या गच्चीवर दूध उघडं ठेवलं तर ते रात्री मांजर आणि पहाटे माकडं संपवतील. आणि मुलांच्या पोटात जाणारं दूध रात्रभर उघड्यावर नकोच. गारठा हवाय ना, तो फ्रिजमध्ये मिळतो.

अर्धा लिटर फुल क्रीम दूध उकळून गार करा. त्यात 200 मिली फ्रेश क्रीम, चार चमचे पिठीसाखर, चिमूटभर वेलची आणि दुधात भिजवलेलं केशर घाला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. ज्या भांड्यात घुसळणार ते भांडं आणि रवी किंवा बीटरसुद्धा फ्रिजमध्येच ठेवा. सकाळी घुसळा. वर फेस जमला की तो झाऱ्याने अलगद उचलून चाळणीत काढा, खाली निथळलेलं दूध परत भांड्यात, परत घुसळा. मुलांकडे फेस उचलायचं काम द्या. ते फार मन लावून करतात. शेवटी उरलेलं दूध कुल्हडमध्ये वरून ओता.

काकांसारखा होतो का? नाही. त्यांचा हात आणि अनुभव आपल्याकडे कुठून येणार? पण आमचा फेस यावेळी खाऊन होईपर्यंत टिकला. पुतणीने वहीतली तीनही उत्तरं खोडली आणि खाली "थंड" असं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं.

तेवढ्यात तिने मला अडकवलं. "मग आईच्या कॉफीवरचा फेस गरम असून कसा राहतो?"

प्रामाणिकपणे सांगते, मला माहीत नव्हतं. शोधून वाचलं, तेव्हा कळलं की प्रश्न फारच चांगला होता. दूध खूप गरम असलं की त्यातला स्निग्धांश पूर्ण वितळतो आणि बुडबुड्यांच्या वाटेत येत नाही, फेस धरून ठेवायचं काम प्रथिनंच करतात. अडचण असते ती मधल्या, कोमट दुधाची. त्यात स्निग्धांश अर्धवट वितळलेला असतो आणि तो बुडबुडे फोडत सुटतो. तुम्हीही करून बघा. तीन ग्लासांत सारखंच फुल क्रीम दूध घ्या: एक फ्रिजमधलं, एक कोमट, एक गरम. तिन्ही सारखाच वेळ, म्हणजे वीस-वीस आकडे मोजून, कॉफीच्या फेटणीने फेटा. गरम ग्लास मोठ्यांनीच फेटायचा. बहुतेक वेळा कोमट ग्लासात सगळ्यात कमी फेस येतो. आमच्या धाकट्याने, तो तीन वर्षांचा आहे, कुठल्याही निष्कर्षाची वाट न बघता तिन्ही ग्लास संपवले. एरवी दुधाचा ग्लास घेऊन त्याच्यामागे घरभर फिरावं लागतं!

आज्जीचं बोट

आता आईची गंमत सांगते. दोन दिवस ती लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी पुतणी दह्याचं भांडं बघून म्हणाली, "आज्जी, दही पण थंड करून लावायचं का?" झालं! आईमधली शास्त्रज्ञ जागी झाली.

इथल्या जानेवारीत दही लागणं हाच एक पराक्रम असतो. आई दूध बोटाला सोसेल इतकं गरम ठेवते, विरजण लावते, भांडं जुन्या शालीत गुंडाळते आणि पिठाच्या डब्यात ठेवून देते. मी हे लहानपणापासून बघतेय, पण का, ते कधी विचारलं नव्हतं. विरजणात जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दही घट्ट होतं. या जिवाणूंना साधारण 40 ते 45 अंश सेल्सिअस मानवतं. आईच्या बोटाला जे "सोसेल इतकं" कळतं, ते हेच. उकळत्या दुधात घातलं तर? आई म्हणते, "विरजण भाजतं." जिवाणू मरतात, म्हणजे तेच की.

आम्ही दोन छोट्या वाट्यांत सारखंच दूध, सारखंच विरजण घेतलं. एक वाटी शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात, दुसरी झाकण ठेवून खिडकीत. सकाळी डब्यातलं दही सुरीने कापता येईल असं, खिडकीतलं अजून दूधच. धाकटा म्हणाला, "ते दही झोपलंय." मग आईने ती वाटीही शालीत गुंडाळून उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत तेही लागलं! म्हणजे जिवाणू मेलेले नव्हते, थंडीत गप्प बसले होते. झोपलेलेच होते, धाकट्याचं बरोबर होतं.

हा प्रयोग करायला घरात आज्जी असेल तर तिलाच पुढे करा. माझं ऐकून मुलांनी एकदा होकार दिला. आज्जीचं ऐकून तीन दिवस प्रश्न विचारले. आणि "अन्नाशी खेळू नये" हे वाक्य आमच्या घरात त्या दिवसापासून जरा हळू आवाजात येतं.

लोण्याचंही तेच. झाकणाच्या बरणीत गार साय अर्धी भरा आणि मुलांना आळीपाळीने हलवायला द्या. दहा-पंधरा मिनिटांत आधी सगळं घट्ट होतं, आवाजच बंद होतो, आणि मग अचानक डबक-डबक सुरू. लोण्याचा गोळा वेगळा, ताकासारखं पाणी वेगळं. फार थंडीत लोणी येत नसेल तर आईची युक्ती: थोडं कोमट पाणी घाला. उन्हाळ्यात उलट, बर्फाचा खडा घाला. का, ते आता तुमची मुलंच सांगतील.

इथे माझी घाबरगुंडी उडाली

हा भाग नीट वाचा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आठवडाभर आम्ही रोज काहीतरी करत होतो आणि रोज चाखत होतो. धाकट्याच्या डोक्यात काय बसलं असेल? ओट्यावरचं पांढरं दिसेल ते चाखायचं! एका दुपारी तो बाथरूमच्या दारात धुण्याच्या पावडरच्या डब्यात बोट बुडवून उभा होता. बोट तोंडाजवळ पोचायच्या आत वहिनीने त्याचा हात धरला. तो अगदी निरागसपणे म्हणाला, "प्रयोग."

त्या दिवशी मला झोप लागली नाही. ही कल्पना माझी होती ना!

मोठ्या मुलांना "हे खायचं, हे नाही" कळतं. तीन वर्षांच्या मुलाला पिठीसाखर, खायचा सोडा आणि धुण्याची पावडर यांच्यात फरक दिसत नाही. तेव्हापासून आमच्याकडे प्रयोगाचं एक ताट आहे, आईचं जुनं पितळी. त्या ताटात जे ठेवलंय, फक्त तेच प्रयोगाचं. आणि ताटातलंसुद्धा "चाखू?" असं विचारून, मोठं माणूस "हो" म्हणालं की मगच. एकही दिवस सूट नाही. मी स्वतःसुद्धा चमचा तोंडात घालण्याआधी "चाखू?" म्हणते, आणि पुतणी कधीकधी मुद्दाम "नाही" म्हणते. साबण, फिनाइल, पावडर यांचे डबे त्याच संध्याकाळी दादाने वरच्या फळीवर नेले. ते आधीच तिथे असायला हवे होते.

आणखी काही गोष्टी. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात चाटवू नका, प्रयोग म्हणूनही नाही आणि रीत म्हणूनही नाही. चार वर्षांखालच्या मुलांना मक्याच्या लाह्या, अख्खे दाणे, बदाम देऊ नका, घशात अडकतात. कच्ची कणीक मुलं हमखास तोंडात टाकतात, तीही टाळा. दूध, तीळ, सुकामेवा यातल्या कशाची अ‍ॅलर्जी असेल तर तो प्रयोग सोडून द्या. गॅस, तेल आणि पाक यांच्याजवळ फक्त मोठे.

पुरी का फुगते?

बनारसची सकाळ कचौडी-भाजीशिवाय उगवत नाही. त्यामुळे हा प्रयोग आमच्याकडे नाश्त्यातच होऊन गेला. पुऱ्या लाटा. निम्म्या तशाच ठेवा, निम्म्यांना मुलांकडून काट्याने भरपूर भोकं पाडून घ्या. तळायच्या आधी विचारा, कुठली फुगेल? पैज लावा. तेलात पडल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा नसली की पुरी टम्म फुगते. भोकांतून वाफ निसटते आणि पुरी चपटी राहते. चपट्या पुऱ्यांवर शेव-चटणी घालून खा. आमच्या घरात आता मुद्दाम चपट्या मागतात.

मक्याच्या लाहीतही वाफच काम करते, फक्त तिथे कवच कडक असतं म्हणून दाणा फुटतो. जवळपास भडभुंजा असेल तर मुलांना एकदा तापलेल्या वाळूतलं भाजणं लांबून दाखवा.

पावसाळ्यात निळं, मे महिन्यात गार

सगळे प्रयोग थंडीतले नाहीत हं. पावसाळ्यात कुंडीतला गोकर्ण फुलला, की आमच्याकडे निळं सरबत होतं. आमच्याकडे त्याला अपराजिता म्हणतात. पाच-सहा निळ्या फुलांचा हिरवा देठ काढून टाका, फुलं धुवा आणि कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गडद निळं पाणी गाळून तीन पेल्यांत ओता. एकात साखर, एकात चिमूटभर मीठ, एकात लिंबाचे थेंब. साखर आणि मिठाने रंग बदलत नाही, लिंबाने मात्र निळ्याचा जांभळा आणि मग गुलाबी! फुलातला हा रंग आम्लामुळे बदलतो. जांभळ्या कोबीच्या पाण्यातही हेच होतं. फुलं मात्र घरच्या कुंडीतलीच घ्या. फुलबाजारातली फुलं पूजेसाठी असतात, त्यांवर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही.

आणि मे महिन्यात, जेव्हा बनारसचा पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा पिशवीतली कुल्फी. कपभर उकळून गार केलेलं घट्ट दूध, दोन चमचे साखर आणि वेलची हे झिपच्या जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बंद करा. ती पिशवी आणखी एका झिपच्या पिशवीत घाला. मग मोठ्या पिशवीत तीन-चार कप बर्फ आणि अर्धा कप जाडं मीठ घालून त्यात ही छोटी पिशवी ठेवा. सगळं टॉवेलमध्ये गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं हलवत राहा. गाणं लावलंत तर नाच करता करता होतं.

नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो. मीठ घातलं की तो शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. म्हणून दूध गोठतं. कुल्फीवाल्याच्या मटक्यात बर्फाबरोबर मीठ का असतं, ते यावरून कळेल. टॉवेल काढू नका, मीठ-बर्फ हाताला चटका बसल्यासारखा लागतो. आणि छोटी पिशवी उघडायच्या आधी बाहेरून धुवा. आम्ही पहिल्यांदा विसरलो. खारट कुल्फी. अट म्हणजे अट, खाल्ली! (वाईट नव्हती. दादाने त्यावर चाट मसाला घालून बघितला, ती मात्र वाईट होती.)

हलव्याला काटा फुटेना

थंडी मलइयोने सुरू झाली होती, संपली हलव्याने. इथे संक्रांतीला सगळे 'खिचडी' म्हणतात. तीळ, गूळ, लाई, चुडा सगळं असतं, पण आपला काटेरी हलवा बाजारात मिळत नाही. आई दरवर्षी "करू एकदा" म्हणायची. यावेळी पुतणी मागेच लागली.

हलवा म्हणजे साखरेच्या स्फटिकांचा प्रयोगच. मंद आचेवर परात, त्यात भाजलेले तीळ. साखरेचा एकतारी पाक चमचा-चमचा घालायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ सतत हलवायचे. पाकातलं पाणी उडून जातं, साखर तिळावर बसते. पुढच्या चमच्याची साखर आधीच्या साखरेवर. असं कितीतरी वेळा, दिवसातून थोडं थोडं, तीन-चार दिवस. घाई केली, पाक जास्त पडला, की तिळांचा गोळा होतो. पाक घालणं आणि परात हलवणं आईनेच केलं. पुतणी पाटावर बसून मोजणी करायची: आज किती चमचे, आज किती वेळ. धाकट्याचं काम दर पाच मिनिटांनी "चाखू?" विचारणं.

पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे झाले. दुसऱ्या दिवशी गुबगुबीत. तिसऱ्या दिवशी आईने आच वाढवली आणि अर्ध्या परातीची चिक्की झाली. आई वैतागली. पुतणीने वही उघडली आणि विचारलं, "आज्जी, काल आणि आज काय वेगळं केलं?"

आईने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

चौथ्या दिवशी आच परत मंद केली. संध्याकाळी चष्मा लावून मोजलं, तर काटा आलेले दाणे निघाले अकरा. पुतणीने ते पितळी ताटात ठेवले आणि वाटणी केली: आज्जीला चार, कारण हात तिचे भाजले. बाकी सगळ्यांना एकेक, धाकट्याला दोन, तो रडेल म्हणून. उरलेला एक तिने काडेपेटीत ठेवलाय, पुढच्या वर्षी बरोबर झाला का ते ताडून बघायला. चिक्की आम्ही आठवडाभर खात होतो.